कडू गोळी आणि उघडी वही
(सार्वजनिक अनुदानावर चाललेल्या एका खुल्या संशोधनाची हकीगत)

लेखक : ऊस विकास अधिकारी



काट्यावर गाडी चढली की वजनाचा आकडा बाहेरच्या बाजूला दिसतो. गाडीवानाला दिसतो, ट्रॅक्टरवाल्याला दिसतो आणि मागे नंबर लावून उभ्या असलेल्या चार सभासदांनाही दिसतो. आकड्यात काही वावगे वाटले तर तिथल्या तिथे बोलता येते. काटा उघडा असला की संशय कमी होतो आणि चूक लवकर सापडते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

आता संशोधनाचे बघा. संशोधनाला लागणारा पैसाही शेवटी जनतेचाच असतो. सरकार अनुदान देते ते करातून. ऊस संशोधनासाठी कारखाने वर्गणी देतात ती तुमच्या उसातून. परंतु त्या पैशातून प्रयोगशाळेत किंवा प्रक्षेत्रावर रोज काय चालले आहे, कोणता प्रयोग फसला, कशामुळे फसला, हे कोणाला दिसत नाही. दोन-चार वर्षांनी एक अहवाल निघतो. त्यात जे जमले तेवढेच असते. जे जमले नाही ते कपाटात राहते आणि दुसऱ्या गावचा दुसरा माणूस तोच फसलेला प्रयोग पुन्हा पहिल्यापासून करतो. पैसा दोनदा खर्च होतो, वेळ दोनदा जातो.

यावर काही मंडळींनी एक वेगळा मार्ग काढला आहे. संगणकाच्या धंद्यात ‘ओपन सोर्स’ नावाची पद्धत आहे. एखाद्या प्रोग्रॅमची आतली सगळी मांडणी जगापुढे उघडी ठेवायची, कोणीही ती वाचावी, सुधारावी, वापरावी. लिनक्स हा प्रोग्रॅम असाच वाढला. हीच पद्धत औषधाच्या संशोधनाला लावता येईल काय, तीसुद्धा सरकारी अनुदान घेऊन, हा प्रश्न ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठातील रसायनशास्त्राचे अध्यापक मॅथ्यू टॉड यांनी हाती घेतला. त्याचे काय झाले ते या लेखात सांगावयाचे आहे. विषय औषधाचा असला तरी वाचता वाचता ऊस, पाट, पोल आणि पॅन हे सगळे आपले ओळखीचे भेटेल. आणि शेवटी आपल्या शिवारातही त्यातून काही करण्यासारखे आहे.

उसाचे पाट आणि गोगलगायीचा रोग

पश्चिम आफ्रिकेत सेनेगल नावाचा देश आहे. तेथे सेनेगल नदीच्या मुखाजवळ १९८६ साली दियामा धरण पूर्ण झाले. समुद्राचे खारे पाणी नदीत वर चढत असे ते त्यामुळे थांबले. वरच्या अंगाला रिशार-तोल नावाचे गाव आहे. हे गाव उसाच्या मोठ्या मळ्यांवर आणि साखर कारखान्यावर उभे आहे. गोडे पाणी बारमाही झाले, पाट भरून वाहू लागले. उसाला चांगलेच झाले. पण १९८८ साली त्या गावात एका रोगाची लागण दिसली आणि बघता बघता तो गावभर पसरला.

रोगाचे नाव शिस्टोसोमियासिस. जुन्या पुस्तकांतून त्याला बिलहार्झिया म्हणतात. हा जंताचा रोग आहे. रोग्याच्या मलमूत्रातून जंताची अंडी पाण्यात जातात. त्यातून निघालेले जीव पाण्यातल्या विशिष्ट जातीच्या गोगलगायीत शिरतात, तिच्यात वाढतात आणि पुन्हा पाण्यात येतात. त्या पाण्यात माणूस उतरला की ते कातडीतून शरीरात शिरतात. मग मोठे होऊन रक्तवाहिन्यांत राहतात. यकृत खराब होते, काही जातींत लघवीतून रक्त जाते, मुले खुरटतात, शाळेत मन लागत नाही. पाटात पोहणारी पोरे, कपडे धुणाऱ्या बाया आणि दारे धरणारे मजूर यांना हा रोग पहिला गाठतो. गोड्या पाण्याच्या पाटात गोगलगायी माजल्या आणि रोगाला घर मिळाले.

आपल्याकडे या रोगाची भीती बाळगण्याचे कारण नाही. तरी एक नोंद सांगून ठेवतो. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावात माणसांत या रोगाचे ठाणे असल्याचे १९५२ साली डॉक्टरांनी प्रसिद्ध केले होते. म्हणजे हा रोग महाराष्ट्राच्या वैद्यकीय इतिहासाला अगदीच परका नाही. पण मोठे संकट आफ्रिकेत. २०२१ साली जगात २५ कोटींहून अधिक लोकांना यावर प्रतिबंधक औषध देण्याची गरज होती असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यातले बहुतेक आफ्रिकेतले, आणि बहुतेक गरीब.

औषध आहे. त्याचे नाव प्राझिक्वांटेल. १९७० च्या दशकात जर्मनीत ते शोधले गेले. आता त्याचे पेटंट संपलेले आहे आणि गोळी स्वस्त पडते. शाळाशाळांतून मुलांना एकदम वाटतात. मग अडले कोठे? अडले चवीवर. गोळी मोठी आणि भयंकर कडू. लहान मूल ती थुंकून टाकते.

गोळी कडू का? पोलारीमीटरला विचारा

आता थोडे रसायन. घाबरू नका, आपल्या कारखान्याच्या लॅबमध्ये हे रोज चालते.

आपले दोन हात बघा. बोटे तीच, अंगठा तोच, तरी डावा हात उजव्यावर तंतोतंत बसत नाही. डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात घातली तर चालता येते, पण धड नाही. काही रसायनांचे कणही असेच डावे आणि उजवे असतात. घटक तेच, जोडणी तीच, पण एक दुसऱ्याची आरशातली प्रतिमा. बाटलीत दोन्ही सारखेच दिसतात. ओळखायचे कसे? त्यांच्यातून विशिष्ट प्रकाश सोडला की एक जण तो एका बाजूला वळवतो आणि दुसरा दुसऱ्या बाजूला. आपल्या लॅबमधला पोलारीमीटर हेच मोजतो. उसाच्या रसातील साखर प्रकाश उजवीकडे वळवते. किती वळवला यावरून ‘पोल’ निघतो आणि त्यावरून रिकव्हरीचा हिशेब लागतो. ऊस तोडून फार वेळ पडून राहिला की साखरेचे इन्व्हर्शन होते, म्हणजे ती फुटून तिचे असे मिश्रण होते की ते प्रकाश उलट बाजूला वळवते. ‘इन्व्हर्शन’ हा शब्द त्यावरूनच आला.

प्राझिक्वांटेलच्या गोळीत डावे आणि उजवे कण निम्मे-निम्मे असतात. जंत मारतो त्यातला एकच. दुसरा जवळजवळ निकामी, पण कडूपणा मुख्यतः त्याचा आणि काही त्रासही त्याचाच. साधारण मात्रा शरीराच्या दर किलो वजनाला ४० मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला २४०० मिलिग्रॅम, म्हणजे ६०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या. त्यातले १२०० मिलिग्रॅम नुसते ओझे. ते काढून टाकले तर गोळी लहान होईल, कडूपणा उतरेल आणि पोरे ती गिळतील. डावे-उजवे वेगळे करणे रसायनशास्त्रज्ञांना अशक्य नाही. अडचण एवढीच की हे काम अतिशय स्वस्तात व्हावयास पाहिजे. वेगळे करताना गोळीचा भाव दुप्पट-तिप्पट झाला तर गरीब देशाने ती घ्यायची कशी? शिवाय पेटंट संपलेल्या आणि नफा नसलेल्या औषधावर कोणती कंपनी आपणहून पैसा घालणार? असे काम सार्वजनिक पैशातूनच व्हावे लागते.

नुसती हाक पुरत नाही

टॉड यांनी २००६ साली हा प्रश्न इंटरनेटवर जाहीरपणे मांडला. सगळ्या जगातल्या रसायनशास्त्रज्ञांना म्हटले, या, मिळून सोडवू. हेतू चांगला होता. लोकांनी चर्चाही केली. पण प्रत्यक्ष प्रयोगाचे काम पुढे सरकेना. कारण उघड आहे. प्रत्येक जण आपापल्या नोकरीत अडकलेला. हातात चंचुपात्र घेऊन रोज सकाळी प्रयोगाला उभा राहणारा माणूस नव्हता. रसायने, उपकरणे यांना पैसा नव्हता.

मग ऑस्ट्रेलिया सरकारच्या संशोधन मंडळाचे अनुदान आणि जागतिक आरोग्य संघटनेची साथ मिळाली. पूर्णवेळ काम करणारा संशोधक लागला, प्रयोगशाळा चालू झाली आणि जानेवारी २०१० पासून प्रयोगांच्या नोंदी जगापुढे येऊ लागल्या. नोंदी म्हणजे नुसता सारांश नव्हे. प्रयोगाची वहीच इंटरनेटवर. आज अमुक इतके रसायन घेतले, इतक्या तापमानाला ठेवले, इतका माल निघाला, किंवा काहीच निघाले नाही, हे सगळे त्या त्या वेळी. फसलेले प्रयोगही त्याच वहीत.

या ठिकाणी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. खुले संशोधन म्हणजे फुकटचे संशोधन नव्हे. पुष्कळांचा असा समज आहे की एकदा दार उघडे ठेवले की लोक आपोआप येतात आणि काम करून जातात. तसे होत नाही. लोक येतात ते चालू कामावर येतात. कोणीतरी आधी नांगर धरलेला असला की बांधावरचा माणूस सांगतो, ‘अरे, तास वाकडा चाललाय.’ पडीक रानाच्या बांधावर कोणी उभा राहात नाही. अनुदानाने नांगर धरणारा मिळाला, आणि वही उघडी असल्यामुळे बांधावरचे शहाणे मिळाले. या दोन्ही गोष्टी लागतात. आपले सहकारी साखर कारखाने तरी कसे उभे राहिले? सभासदांनी शेअर घेतले, पण शासनानेही भागभांडवल घातले, तेव्हा चाके फिरली. नुसत्या शासनाच्या पैशावर सहकार झाला नसता आणि नुसत्या उत्साहावर यंत्रसामग्री आली नसती.

सल्ला आला तो अनपेक्षित जागेवरून

विद्यापीठातल्या मंडळींचा सुरुवातीचा विचार असा होता की एखादा खास उत्प्रेरक शोधावा, म्हणजे पाहिजे त्याच हाताचे कण तयार होतील. शास्त्राच्या दृष्टीने ते उंची काम. पण वही उघडी होती, आणि ती उद्योगधंद्यात आयुष्य घालवलेल्या रसायनतज्ज्ञांनी वाचली. या मंडळींना टनावारी माल काढण्याची सवय. त्यांनी सांगितले की एवढ्या स्वस्त औषधाला महागडा उत्प्रेरक परवडणार नाही, जुनीच साधी रीत धरा, मिश्रण करा आणि त्यातून पाहिजे तो भाग स्फटिक करून वेगळा काढा. अनुभवी फोरमनने नव्या इंजिनिअरला सांगावे तसे हे झाले. कामाची दिशा बदलली.

ही रीत आपणास समजण्यास अवघड नाही. आपल्या पॅनमध्ये काय होते? साखरेचा दाणा धरतो आणि बाकीचे मोलॅसिसमध्ये राहते. मग सेंट्रिफ्यूगलला दाणा वेगळा. येथेही तसेच, फक्त एक पायरी जास्त. डावे-उजवे कण एकटे असताना सारखेच वागतात, म्हणून त्यांना एका तिसऱ्या पदार्थाची जोड द्यायची. हा तिसरा पदार्थ एकाच हाताचा असावा लागतो. उजव्या हाताने उजव्याशी हस्तांदोलन केले तर नीट जमते, डाव्याशी केले तर अवघडल्यासारखे होते, तसे येथे होते. जोडी जमली की एक जोडी स्फटिक होऊन खाली बसते, दुसरी द्रवात राहते. गाळून घेतले की काम झाले.

तो तिसरा पदार्थ कोणता, तर टार्टारिक आम्लापासून बनवलेला. टार्टारिक आम्ल म्हणजे चिंचेत आणि द्राक्षात असते तेच. डाव्या-उजव्या कणांचा शोध लुई पाश्चरला १८४८ साली लागला तोही याच आम्लाच्या क्षारावर काम करताना. त्याने स्फटिक चिमट्याने निवडून वेगळे केले होते.

२०११ साली या कामाचे निष्कर्ष शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. पाहिजे त्या हाताचे औषध वेगळे काढण्याच्या दोन रीती त्यात दिल्या आहेत. पहिली रीत खुल्या सहकार्यातून निघाली. तीत बाजारात मिळणारेच प्राझिक्वांटेल घेऊन, त्याचा एक तुकडा सोडवून, टार्टारिक आम्लाच्या एका प्रकाराने वेगळे करतात. दुसरी रीत करारावर संशोधन करून देणाऱ्या एका संस्थेने शोधली. तीत मधला पदार्थ वेगळा आहे आणि साधे टार्टारिक आम्लच चालते. दोन्ही रीती स्वस्तात मोठ्या प्रमाणावर करण्याजोग्या आहेत असे लेखकांनी लिहिले. प्रयोगाच्या नोंदी सुरू झाल्यापासून निष्कर्ष छापून येईपर्यंत दोन वर्षेही लागली नाहीत. एका बंद खोलीत हे झाले असते तर ‘उत्प्रेरक सोडा’ हे सांगायला कोण आले असते?

पुढची हकीगत प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. लहान मुलांसाठीची गोळी बाजारात आणण्याचे काम २०१२ साली स्थापन झालेल्या एका वेगळ्या गटाने केले. त्यात औषध कंपन्या आणि संशोधन संस्था होत्या. एकाच हाताच्या कणांची, पाण्यात विरघळणारी ती गोळी तीन महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. तिला २०२३ च्या डिसेंबरमध्ये युरोपच्या औषध संस्थेचा अनुकूल अभिप्राय मिळाला आणि २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली. ती गोळी सिडनीच्या वहीतून निघाली असा दावा मी करीत नाही. औषध मुलाच्या तोंडापर्यंत जायला चाचण्या, कारखाने, परवाने असे पुष्कळ लागते. पण स्वस्तात वेगळे करणे होऊ शकते हे सार्वजनिक पैशातून, सर्वांच्या डोळ्यांदेखत सिद्ध झाले आणि ती कृती आज कोणालाही वाचता येते.

सहा नियम

याच अनुभवावर टॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ पासून हिवतापाच्या औषधाचे खुले संशोधन सुरू केले. त्यालाही सरकारी अनुदान आणि हिवतापाच्या औषधांसाठी काम करणाऱ्या एका बिनानफा संस्थेचे साहाय्य होते. त्या कामाचे सहा नियम त्यांनी ठरवले. ते माझ्या शब्दांत असे :

१) सर्व माहिती उघडी आणि सर्व कल्पना सर्वांना सांगितलेल्या.
२) कोणीही, कोणत्याही पातळीवर भाग घ्यावा.
३) पेटंट घ्यावयाचे नाही.
४) टीका करावयाची तर सूचना करून करावी.
५) खाजगी पत्रापेक्षा चारचौघांत केलेली चर्चा जास्त मोलाची.
६) काम कोणा एका प्रयोगशाळेच्या मालकीचे नाही, ते तिच्यापेक्षा मोठे आहे.

दुसऱ्या नियमाचे एक उदाहरण. पायरीमेथामिन नावाचे जुने औषध आहे. अमेरिकेत २०१५ साली एका कंपनीने त्याच्या एका गोळीचा भाव साडेतेरा डॉलरवरून एकदम ७५० डॉलर केला. २०१६ साली सिडनीतील एका शाळेच्या मुलांनी, टॉड यांच्या गटाच्या मार्गदर्शनाखाली, शाळेच्या प्रयोगशाळेत तेच रसायन तयार केले. ३.७ ग्रॅम निघाले. त्यांचीही वही उघडी होती. शाळेची पोरे हे करू शकली, कारण विचारायला जागा होती आणि उत्तर देणारे होते.

आपल्या देशातही हा प्रयत्न झाला. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने २००८ साली क्षयरोगाच्या औषधासाठी सरकारी पैशातून खुला प्रकल्प काढला. क्षयाच्या जंतूच्या सुमारे चार हजार जनुकांची माहिती नव्याने लावण्याचे काम २०१० साली देशभरच्या शेकडो विद्यार्थ्यांनी मिळून केले.

चालवणाऱ्याच्या अडचणी

ऐकायला हे सर्व गोड वाटते. पण असे काम चालवणाऱ्याला अडचणी काय येतात, हेही पाहिले पाहिजे.

पहिली शंका, वही उघडी ठेवली आणि दुसऱ्याने पळवले तर? उत्तर असे की प्रत्येक नोंदीवर तारीख असते, त्यामुळे आधी कोणी केले हे जगाला दिसते. शिवाय एकदा गोष्ट जाहीर झाली की दुसऱ्याला ती ‘नवी’ म्हणून पेटंट करता येत नाही. आणि कोणी ती उचलून स्वस्त गोळी आधी काढलीच, तर हेतू तोच होता ना?

दुसरी अडचण अनुदानाची. अनुदान देणारा आधी विचारतो, तीन वर्षांनी काय मिळेल ते आज लिहून द्या. खुल्या कामात तर वाटेत दिशा बदलते, जशी येथे बदलली. म्हणून अर्जात उद्दिष्ट ठाम लिहावे आणि मार्ग मोकळा ठेवावा. माहिती ताबडतोब जाहीर होणार, पेटंट घेतले जाणार नाही, हेही अर्जातच लिहावे. म्हणजे मागाहून संस्था, भागीदार आणि अनुदान देणारे यांच्यात वाद उरत नाही.

तिसरी अडचण गलक्याची. बघणारे पुष्कळ, बोलणारे थोडे, आणि बोलणाऱ्यांतही नेमके सांगणारे आणखी थोडे. पण तो थोडा हाती लागायचा तर प्रत्येकाला उत्तर द्यावे लागते. उत्तर मिळाले नाही की माणूस दुसऱ्यांदा येत नाही. कोणीतरी बसून दर आठवड्याला ‘काम येथपर्यंत आले, आता हे अडले आहे’ असे एका पानात लिहावे लागते. शंभर पानांची वही कोणी वाचत नाही, एक पान वाचतात. हा माणसाचा वेळ आहे, आणि त्याचा खर्च अनुदानात धरला पाहिजे.

चौथी गोष्ट श्रेयाची. ज्याने सुचवले त्याचे नाव तेथेच, त्याच दिवशी लिहावयाचे. सहकारात माणूस पैशावाचून थोडे दिवस थांबतो, पण मान मिळाला नाही तर उठून जातो.

आपल्या शिवारात काय?

आता आपल्याकडे येऊ. २००२ साली पश्चिम महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा आला तो जुन्या सभासदांना आठवत असेल. पाने पांढरी, खाली काळी बुरशी, आणि फवारणी करावी तर उसात शिरता येत नाही. तेव्हा मावा खाणारी कोनोबाथ्राची, म्हणजे डायफाची अळी आणि मायक्रोमस यांनी आपल्याला हात दिला. ज्याच्या फडात अळ्या दिसल्या त्याच्याकडून पानांसकट त्या नेऊन लोकांनी आपल्या फडात सोडल्या. कोणी पेटंट मागितले नाही. माहिती गावोगाव फिरली म्हणून मित्रकीटकही फिरले.

पण हे संकटात झाले. एरवी आपली पद्धत काय आहे? बेणे मळा, प्रात्यक्षिक प्लॉट, नवीन जातीची चाचणी, खताचे प्रयोग या सर्वांवर पैसा खर्च होतो. काही शासनाच्या योजनेतून, काही ऊस विकास निधीतून. दोन्ही पैसे तुमचेच. प्लॉट साधला तर बोर्ड लागतो, फोटो निघतो, शेतकरी मेळावा भरतो. प्लॉट साधला नाही तर रजिस्टर कपाटात जाते. खते-औषधे विकणारेही पाच ठिकाणी चाचणी घेतात आणि पत्रकावर एकच शेत छापतात. उरलेल्या चार शेतांत काय झाले हे सभासदाला कळत नाही.

यात नुकसान कोणाचे? ऊस म्हणजे मेथीची जुडी नव्हे की फसली तर महिन्याने पुन्हा पेरली. आडसाली लागण दीड वर्षाची, त्यावर खोडवा एक वर्षाचा. चोपण जमिनीत न चालणारी जात ऐकीव माहितीवर लावली तर अडीच-तीन वर्षे ते रान अडकले आणि सोसायटीचे कर्ज वाढले. ती जात तशाच जमिनीत शेजारच्या गटात आधीच फसली असेल आणि ते रजिस्टर आपल्याच कपाटात असेल, तर त्या सभासदाला आपण काय तोंड दाखवावे?

म्हणून पुढील योजना मी मा. चेअरमन साहेब आणि संचालक मंडळापुढे मांडली आहे आणि तुमच्याही विचारार्थ देत आहे.

१) येत्या आडसाली हंगामापासून प्रत्येक गट ऑफिसात प्रात्यक्षिक प्लॉटची एक वही टेबलावर उघडी राहील. जमिनीचा प्रकार, माती परीक्षण, बेणे कोठले व किती महिन्यांचे, लागणीची तारीख, सरीतील अंतर, पाण्याच्या पाळ्या, खते, रोग-कीड, हुमणी, तोडणीची तारीख आणि शेवटी काट्याची पावती, सर्व त्यात असेल. प्लॉट साधो वा फसो.
२) डाव्या पानावर शेतकी स्टाफने लिहावयाचे. उजवे पान कोरे राहील. ते सभासदांसाठी. तुम्हाला जे दिसले, जे वेगळे वाटते, ते नाव घालून लिहा. आठ दिवसांत त्याखाली उत्तर लिहिले जाईल.
३) दर महिन्याला वहीचा एका पानाचा सारांश या अंकात येईल आणि मोबाईलवरही पाठवला जाईल.
४) ज्या शेतकऱ्याचा प्लॉट आहे त्याची संमती आधी घेतली जाईल. फसलेल्या प्लॉटचा मालक म्हणून कोणाची चेष्टा होऊ नये, ही जबाबदारी सर्वांची.
५) आपल्या कार्यक्षेत्रात कंपनीला चाचणी घ्यावयाची असेल तर निकाल कसाही लागला तरी तो वहीत येईल ही अट राहील. मान्य नसेल तर चाचणी नाही.
६) या कामासाठी एक शेतकी सहाय्यक स्वतंत्र द्यावा आणि त्याचा खर्च ऊस विकास निधीत वेगळा दाखवावा.

सहावे कलम काही जणांना नको वाटेल. वहीला कितीसा खर्च, असे म्हणतील. पण सिडनीची हकीगत तेच सांगते. २००६ साली हाक दिली तेव्हा पैसा नव्हता, काम उभे राहिले नाही. २०१० साली पगारी माणूस प्रयोगाला उभा होता, तेव्हा जगातला शहाणपणा त्याच्याकडे चालत आला. वही उघडी ठेवली आणि लिहायला माणूस दिला नाही, तर महिनाभराने तिच्यावर धूळ बसेल आणि मग सगळे म्हणतील, ‘बघा, हे आपल्याकडे चालत नाही.’

वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय येणार आहे. येताना सभासदांनी यावर विचार करून यावे. विरोध असेल तर तोही उभे राहून सांगावा, मात्र त्यासोबत दुसरी सूचनाही आणावी. आणि ज्यांनी आपल्या रानात गेल्या दोन-तीन वर्षांत नवीन जात, नवीन अंतर किंवा नवीन खत करून पाहिले आहे, मग ते साधलेले असो वा नसो, त्यांनी आपली माहिती लागणीच्या तारखेसह आणि काट्याच्या पावतीसह गट ऑफिसात आणून द्यावी. वहीची पहिली पाने त्यांचीच राहतील.